नित्य गंधधारण : दिनचर्येतील एक उपेक्षित विधी

दिनचर्येवर बोलण्याची वेळ आली की आपण सारे दंतधावनापासून आरंभ करतो. अंजन, नस्य, गंडूष, अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान येथवर मोठ्या उत्साहाने येतो आणि तेथेच थांबतो. स्नानोत्तर अनुलेपन व गंधमाल्यधारण यांचा उल्लेख झालाच तर एखाद्या वाक्यात होतो. श्रोत्यांना ती राजेरजवाड्यांची चैन वाटते आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही तसेच वाटत असते. परिणामी रुग्ण सकाळी स्नान करून घराबाहेर पडताना अंगावर काय फवारतो, हा प्रश्न आपल्या केसपेपरवर कधी येतच नाही. सक्करदऱ्यातील माझ्या चिकित्सालयात तो येऊ लागला, त्याला एक प्रसंग कारणीभूत झाला. त्या प्रसंगात चूक माझी होती. ती सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ राहणार नाही. परंतु प्रथम शास्त्राधाराचा थोडा विचार करू.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात गंधमाल्यसेवनाचे जे लाभ सांगितले आहेत, त्यांत केवळ सुगंध नाही. वृष्यत्व, आयुष्य, पुष्टी, बल आणि सौमनस्य यांचाही समावेश आहे. मनाची प्रसन्नता हा येथे आनुषंगिक लाभ नसून विधीचा हेतूच आहे. अष्टांगहृदयातील ऋतुचर्या पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वाग्भटाचार्यांनी वर्षभरासाठी एकच गंध सांगितलेला नाही. हेमंतात कुंकुम, कस्तुरी आणि अगुरूचा धूप, वसंतात कर्पूर, चंदन, अगुरू, कुंकुम, ग्रीष्मात चंदन, वर्षा ऋतूत धूपित वस्त्रे, शरदात चंदन, उशीर, कर्पूर. ऋतू पालटला की गंध पालटतो. आजची बाजारपेठ मात्र एकच तीव्र गंध बारा महिने विकते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना माणसे ऊद-कस्तुरीचा भास देणारे फवारे मारून सिटी बसमध्ये उभी राहतात. शेजारी उभ्या असलेल्या अर्धावभेदकाच्या रुग्णाची काय अवस्था होत असेल, ते आपण रोज ऐकतोच.

ग्रीष्म आणि शरद या दोन्ही ऋतूंत, म्हणजे आपल्या विदर्भात वर्षातील निम्म्याहून अधिक काळ, लघु आणि शीतवीर्याकडे झुकणारा गंध हवा. तो कोठून आणावयाचा, यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांना वाळा लावणारे हे शहर आहे. अंगणात तुळस आहे, सब्जा आहे, मरवा आहे, गवती चहा आहे. चैत्रात देवाला वाहिला जाणारा दवणा आहे. आणि ज्या फळामुळे या शहराला ओळख मिळाली, ते संत्रे आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी अंबिया बहार आणि हिवाळा सरताना मृग बहार असा दोनदा तो हंगाम येतो. हे झाड भोसल्यांच्या काळी औरंगाबादेकडून येथे आले, असे परंपरेने सांगितले जाते. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांत बहाराच्या दिवसांत पहाटे ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना त्या फुलांच्या गंधाविषयी मी वेगळे सांगावयास नको.

जंबीरवर्गीय फळांची साल आणि सुगंध यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. कामसूत्रात नागरकाच्या शय्येजवळ रात्री उरलेले अनुलेपन, माला, सुगंधी द्रव्यांची पुडी आणि तांबूल यांच्याबरोबर मातुलुंगाची सालही ठेवावयास सांगितली आहे. म्हणजे म्हाळुंगाची साल. वाग्भटाने हिलाच तिक्त, कटू, स्निग्ध आणि वातजित म्हटले आहे. चरकाने नारंगाला हृद्य व रुचिकर म्हणून गौरविले. दुर्जर आणि गुरू म्हणून सावधही केले. पण ते फळाच्या गराविषयी. नारंगाच्या सालीविषयी संहितांत स्वतंत्र विस्तार माझ्या वाचनात आलेला नाही. तथापि दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, गव्हला यांच्या जोडीला वाळलेली संत्र्याची साल घालण्याची घराघरांतील रीत आपल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि आपले फार्मसीधारक बंधू दरवर्षी ते उटणे विकतातही.

गंधयुक्ती हे एकेकाळी स्वतंत्र शास्त्रच होते. वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांच्या निरनिराळ्या प्रमाणांतून १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असे गणित मांडले आहे. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. पुढे १९८९ मध्ये ते बडोद्याहून मुद्रित झाले. यांतील ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. सुगंधनिर्मितीवर कोणे एके काळी मराठीत टीका लिहिली जात होती आणि आज आमचा पदवीधर विद्यार्थी ‘गंध’ म्हटले की पृथ्वी महाभूताच्या व्याख्येपुढे जात नाही! असो.

पाश्चात्त्य जगातही फळांची साल आणि सुगंधी वनस्पती यांचे मिश्रण वैद्यकाच्या दारातूनच आले. जर्मनीतील कोलोन या शहरात १७०९ मध्ये स्थापन झालेल्या फारिना यांच्या पेढीने लिंबू, संत्रे, बर्गमोट यांच्या सालींची तेले, नारिंगाची फुले आणि सुगंधी वनस्पती मद्यार्कात मिसळून जे पाणी विकले, तेच आपल्या आजी-आजोबांच्या काळचे कोलनवॉटर. ज्वर चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवण्याची पद्धत मराठी घरांत कित्येक दशके होती. यातील एक बारकावा मात्र आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. त्या काळी हे पाणी पोटात घेण्याचे औषध म्हणूनही खपत असे. १८१० मध्ये नेपोलियनच्या राजवटीत गुप्त औषधांचे घटक उघड करण्याचा आदेश निघाला. तेव्हा आपले पाठ सरकारपुढे ठेवण्याऐवजी उत्पादकांनी ते पाणी केवळ अंगास लावण्याचे म्हणून विकणे पसंत केले. घटक सांगावयाचे नसले की औषधाचा सुगंध होतो. आणि आपल्याकडे आज त्याच्या उलट, घटक न सांगताच सुगंधाचे औषध केले जाते. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी वैशाखात एक तरुणी माझ्याकडे आली. दुचाकीने रोज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस जाणारी. बाजारातील डिओडरंटने डोके दुखते, शिंका येतात, पण घामाच्या वासामुळे काहीतरी लावावे तर लागते, असे तिचे म्हणणे. मला अनायासे संधी मिळाली. गंधधारणावर बोलण्याचा उत्साह होताच. मी कागदी लिंबाच्या ताज्या साली पिळून निघणारे तेल, थोडा तुळशीचा स्वरस आणि वाळ्याचे तेल एकत्र करून एक छोटी कुपी स्वतः तयार केली आणि कानामागे व मानेवर रोज दोन थेंब लावावयास सांगितले. गंध फारच सुरेख होता. मला माझेच कौतुक वाटले.

दहाव्या दिवशी ती परत आली. कानामागून मानेवर ओघळाच्या आकाराचे तांबूस-काळे पट्टे उमटले होते. दोन ठिकाणी फोड येऊन गेल्याच्या खुणा होत्या. मी प्रथम घामोळे म्हटले, नंतर पित्तप्रकोप म्हटला, ऊन म्हटले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, नैसर्गिक आहे म्हणून तर मी रोज लावत होती.” तिच्या त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले.

पट्टे ओघळाच्या आकाराचे होते आणि ओढणीने झाकलेल्या भागात नव्हते, या दोन गोष्टींवरून मला कारण सुचावयास हवे होते. ते त्या दिवशी सुचले नाही. आठवडाभराने एका श्वित्राच्या रुग्णास बाकुचीचा लेप देऊन ‘अमुक मिनिटांपेक्षा अधिक उन्हात बसू नका’ असे बजावत असताना माझ्या जिभेवरील वाक्य अर्ध्यावरच थांबले. बाकुचीतील सोरॅलिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या योगे त्वचेवर कार्य करते, हे आपण सारे जाणतो. त्यावर तर चिकित्सा आधारलेली आहे. त्याच कुळातील द्रव्ये लिंबाच्या सालीत असतात. बर्गमोटमध्ये असतात, म्हाळुंगाच्या वर्गातील अनेक फळांत असतात. श्वित्रात जे हवे तेच मी निरोगी त्वचेवर, भर वैशाखात, वेळेचे बंधन न घालता देऊन बसलो होतो. आधुनिक त्वचारोगशास्त्रात या विकाराला स्वतंत्र नाव आहे. कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर लोलकासारखे डाग उमटतात, म्हणून लोलक या अर्थाच्या शब्दावरून ते नाव पडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे लिहून ठेवले गेले आहे. माझ्या वाचनात ते आले नव्हते, हा दोष माझा. त्या तरुणीचे डाग फिके व्हावयास पावसाळा सरावा लागला. मी तिच्याकडून शुल्क घेतले नाही. पण शुल्क न घेणे हे काही प्रायश्चित्त नव्हे.

आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने त्वचेवर राहू द्यावयाच्या उत्पादनांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत : उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर दाबून काढलेले लाइमचे, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीचे, तेल ०.७ टक्क्यापेक्षा अधिक नसावे, बर्गमोटचे ०.४ टक्के, मोठ्या पिवळ्या लिंबाचे २ टक्के. माझ्या कुपीत ते प्रमाण किती होते, हे लिहिण्याची मला लाज वाटते. गोड संत्रे व मँडरिन यांच्या सालीच्या तेलावर या कारणासाठी अशी मर्यादा नाही, आणि आपले नागपुरी संत्रे मँडरिन जातीचेच आहे, ही समाधानाची गोष्ट. मात्र मँडरिनच्या पानांच्या तेलात प्रकाशाने त्वचेस बाधणारे वेगळेच द्रव्य असते. त्यामुळे झाड एक म्हणून पान आणि साल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. द्रव्यगुणाच्या पहिल्या वर्षी आपण प्रयोज्यांग पाठ करतो ते याचसाठी.

येथे आपल्या भैषज्यकल्पनेने मला वाट दाखविली. लिंबाच्या सालीतील ही प्रकाशबाधक द्रव्ये उडनशील नाहीत. साल दाबून तेल काढले तर ती तेलात उतरतात. वाफेने ऊर्ध्वपातन केले तर ती पात्रातच राहतात आणि सुगंध तेवढा पलीकडे जातो. म्हणजे अर्ककल्पना. रावणकृत मानल्या जाणाऱ्या अर्कप्रकाशापासून आजच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीपर्यंत जी आपल्याकडे आहे आणि परीक्षेतील टीप लिहिण्यापलीकडे जिचा आपण फारसा उपयोग करीत नाही, ती. तेव्हापासून मी लिंबू सोडले आणि संत्र्याची साल, तुळस, मरवा व रात्रभर भिजविलेला वाळा यांचा अर्क काढू लागलो. एक अनुभव मुद्दाम नोंदवितो. अर्काचा आरंभीचा अंश केवळ बाष्प असते म्हणून टाकून द्यावा, असे आपण शिकलो. संत्र्याच्या सालीच्या बाबतीत हा नियम डोळे मिटून पाळला तर सुगंधच मोरीत जातो. सालीचा सुगंध सर्वांत आधी येतो, वाळा सर्वांत शेवटी. म्हणून मी दोन्ही निरनिराळे काढून मागाहून एकत्र करतो. साल ओळखीच्या बागेतील फळांची घेतो. बाजारातील फळांवर काय फवारले आहे याची शाश्वती नसते, आणि धुतल्याने सर्व जाते असे मानण्यात अर्थ नाही.

या अर्काच्याही मर्यादा आहेत. त्याचा गंध दोन-तीन तासांपलीकडे टिकत नाही. मद्यार्क नसल्याने तो लवकर बिघडतो. मी काचेच्या बाटलीत, थंड जागी, आठ दिवसांपुरताच देतो. संत्र्याच्या सालीतील तेलाचा फार मोठा अंश लिमोनिन या घटकाचा असतो. तो हवेने व उष्णतेने विटतो, आणि विटलेले लिमोनिन त्वचेला खाज व पुरळ आणू शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुकानाच्या काचेच्या कपाटात दुपारभर तापलेली बाटली म्हणजे नेमके हेच. म्हणून अर्क त्वचेवर न लावता रुमालाच्या कोपऱ्यावर, ओढणीच्या काठावर किंवा सदऱ्याच्या कॉलरच्या आतील बाजूस शिंपडावा, असे मी सांगतो. वर्षा ऋतूत वाग्भटाने वस्त्रच धूपित करावयास सांगितले आहे, याची येथे आठवण होते. तीन तासांनी गंध गेला तर पुन्हा शिंपडावा. अत्तराप्रमाणे तो दिवसभर रेंगाळत नाही, ही मला उणीव वाटत नाही. वर्गात, बसमध्ये, कार्यालयात शेजाऱ्याला आपला गंध सोसावा लागू नये, हाही सद्वृत्ताचाच भाग आहे.

आता फार्मसीधारक बंधूंना थोडे स्पष्ट बोलतो; राग मानू नये. गेल्या काही वर्षांत ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’, ‘सात्त्विक’ अशा नावांनी लिंबू-तुळशीचे स्प्रे व रोल-ऑन आपल्या काउंटरवर आले आहेत. एका उत्पादकाचा प्रतिनिधी माझ्याकडे असा नमुना घेऊन आला. लेबलावर तुळशीचे चित्र होते, लिंबाचे चित्र होते, आणि घटकांच्या जागी ‘सुगंधी द्रव्ये योग्य प्रमाणात’ एवढेच. लिंबू दाबून काढलेले की ऊर्ध्वपातित, असे मी विचारले. त्याने मला किमतीतील सवलत सांगितली. असा माल विकत घेणारे ग्राहक आपल्या दुकानावरील ‘आयुर्वेद’ या शब्दावर विश्वास ठेवून घेतात. त्या तरुणीने माझ्यावर ठेवला तसाच.

औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालील नियमांत २०१० मध्ये नियम १५८-ब आला आणि आयुर्वेदिक परवान्यात ‘सौंदर्यप्रसाधक’ हा वर्ग स्पष्ट झाला. म्हणजे नित्य वापराचा सुगंध आपल्याला वैध मार्गाने करता येतो. चोरवाटेची गरज नाही. पण परवाना हे उत्तर नव्हे. युरोपात २००३ मध्येच नियम झाला की लिमोनिन, लिनालूल, सिट्राल यांसारखे अॅलर्जी आणू शकणारे २६ सुगंधी घटक, त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यापेक्षा अधिक असल्यास, लेबलावर नावाने लिहावेत. पुढे २०२३ मध्ये ही यादी बरीच वाढविण्यात आली. काही वैद्यमित्र म्हणतात, आपली द्रव्ये निसर्गातून आलेली आहेत, आपल्याला असल्या याद्यांचे काय? लिमोनिन संत्र्याच्या सालीतून आले की कारखान्यातून, त्वचेला त्याचे काही नसते. शिवाय भल्लातक निसर्गातूनच येतो. तो शोधनाविना कोणी देतो काय?

माझी सूचना मर्यादित आहे. ज्या सुगंधी उत्पादनावर जंबीरवर्गीय फळाचे नाव आहे, त्याच्या उत्पादकाकडून फार्मसीधारकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : तेल कोणत्या पद्धतीने काढले, त्याचे प्रमाण किती, आणि उत्पादनाची तारीख कोणती. उत्तर न मिळाल्यास माल परत करावा. ‘उन्हात जाण्यापूर्वी त्वचेवर लावू नये’ ही सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, बाटलीवर असावी. आणि ‘ताण घालवितो’, ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवितो’ असले दावे सुगंधाच्या बाटलीवर छापणाऱ्यांना आपल्या संघटनेच्या अंकात जाहिरातीसाठी जागा देऊ नये. अंकाचा खर्च जाहिरातींवर चालतो, हे मला ठाऊक आहे. संपादक मंडळाने हा लेख छापला तर त्यांनी हे वाक्यही गाळू नये, अशी विनंती.

वैद्यांसाठी एवढेच, की इतिहास घेताना गंधाविषयी विचारावे. तमक श्वासाचा रुग्ण, अर्धावभेदकाचा रुग्ण, प्रतिश्याय वारंवार होणारा रुग्ण आणि मानेवर किंवा काखेत वैवर्ण्य घेऊन येणारा रुग्ण, या चौघांना तरी अवश्य. तीव्र गंध असात्म्य असणाऱ्यास संत्रा-तुळशीचा सौम्य गंधही प्रथम रुमालावर, घरात, एक दिवस वापरावयास सांगावा. सोसला तरच पुढे. गर्भिणीला मळमळीच्या महिन्यांत सालीचा नुसता ताजा गंध पुष्कळदा पुरतो. त्यासाठी अर्कही नको. नखाने साल खुडली की झाले.

ती तरुणी अजूनही माझ्याकडे येते. मागच्या हंगामात तिने स्वतःच काटोलच्या नातलगांकडून पिशवीभर संत्री आणली आणि अर्क काढताना उभी राहिली. पहिला थेंब पडताच तिने विचारले, “हा तर दाबून नाही ना काढला?” मी नळीकडे बोट दाखविले. तिने रुमाल पुढे केला, मान नाही.